अंगावरचे दूध की वरचे? एच.आय.व्ही.बाधित मातेपुढील प्रश्न

तान्ह्या मुलाला आईच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही, ही गोष्ट आपल्याकडे सिद्ध करून दाखविण्याची गरज सहसा पडत नाही. हे दूध नेहमी ताजे असते, हवे तितकेच उष्ण असते. त्याला भांडे लागत नाही, इंधन लागत नाही आणि पैसाही पडत नाही. शिवाय पोषणाबरोबरच रोगांशी झुंजण्याची शक्तीही मुलाला त्यातूनच मिळते. परंतु हेच दूध एखाद्या दुर्धर रोगाचे वाहन होऊ शकते असे कळून आले, तर आईने काय करावे? मनुष्याची रोगप्रतिकारशक्ती पोखरून टाकणाऱ्या एच.आय.व्ही. ह्या विषाणूने गेल्या चाळीस वर्षांत असंख्य मातांपुढे हा प्रश्न उभा केला. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांना एका फटक्यात सापडले नाही. ते अनेकदा बदलले, आणि ते का बदलले हे समजून घेणे बोधप्रद आहे.

भारतात ह्या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे झाली. पुढे ज्या सहा राज्यांत त्याचा प्रसार विशेष आढळला, त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही शेजारी राज्ये होती. म्हणून कर्नाटकाची राजधानी बंगळूर येथील मातेसमोर हा प्रश्न कसा आला आणि पुण्यात झालेल्या संशोधनाने त्याच्या उत्तराला कसा हातभार लावला, हे एकत्र पाहणे सोयीचे ठरेल.

दुधात विषाणू कसा येतो?

आईकडून मुलाकडे एच.आय.व्ही. तीन वेळी जाऊ शकतो: मूल गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी आणि जन्मानंतर दुधावाटे. कोणताही औषधोपचार झाला नाही, तर बाधित मातांच्या शंभर मुलांपैकी सुमारे १५ ते ४५ मुलांना लागण होते. स्तनपान दीर्घकाळ चालू राहिल्यास त्यांपैकी ५ ते २० मुलांना ती दुधावाटे होते. आई बाधित असली म्हणजे मूल बाधित होणारच, ही समजूत चुकीची असल्याचे ह्या आकड्यांवरून दिसून येईल. औषध नसतानाही निम्म्याहून अधिक मुले निरोगी राहतात. परंतु कोणते मूल निरोगी राहील, हे आधी सांगता येत नाही.

दुधातून लागण होऊ शकते असे १९८५ साली ऑस्ट्रेलियातील एका प्रकरणावरून प्रथम ध्यानात आले. तेथील एका बाईला प्रसूतीनंतर रक्त देण्यात आले होते आणि त्या रक्तातून तिला विषाणूची बाधा झाली होती. मूल जन्माला आले तेव्हा ती निरोगी होती. तरीही पुढे मुलाला लागण झाली. गर्भावस्था व प्रसूती ही दोन्ही कारणे गळून पडल्यावर दूध हेच कारण उरले.

हे घडते कसे? एच.आय.व्ही. आपल्या रक्तातील काही विशिष्ट पांढऱ्या पेशींत शिरून वाढतो. आईच्या दुधात अशा पांढऱ्या पेशी नेहमीच असतात. मुलाचे संरक्षण हे त्यांचे काम. आई बाधित असेल, तर त्यांपैकी काही पेशींतून आणि दुधाच्या द्रवातूनही विषाणू मुलाच्या पोटात जातो. आईच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण जितके जास्त, तितका धोका अधिक. ज्या स्त्रीला स्तनपानाच्या काळातच नव्याने लागण होते तिच्या रक्तात विषाणू अतोनात वाढलेले असतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनानुसार पूर्वीपासून बाधित असलेल्या मातांच्या बाबतीत दुधावाटे लागण होण्याचा जादा धोका सुमारे १४ टक्के होता, तर नव्याने बाधित झालेल्या मातांच्या बाबतीत तो सुमारे २९ टक्के, म्हणजे दुप्पट होता. स्तनाला सूज येणे, पू होणे, बोंड चिरणे अशा विकारांनीही हा धोका वाढतो.

वरच्या दुधाची किंमत

इतके कळल्यावर पहिला विचार सुचतो तो असा की, बाधित मातेने मुलाला अंगावर पाजूच नये. श्रीमंत देशांनी हाच मार्ग धरला. तेथे पावडरचे दूध सहज मिळते, नळाचे पाणी निर्धोक असते आणि मूल आजारी पडले तर रुग्णालय जवळ असते. केनियातील नैरोबी शहरात झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगातही ह्या विचाराला दुजोरा मिळाला. बाधित गर्भवतींचे कोणतीही आवडनिवड न ठेवता दोन गट पाडण्यात आले. एका गटाने मुलांना अंगावर पाजले, दुसऱ्याने पावडरचे दूध दिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांच्या अखेरीस पहिल्या गटातील ३६.७ टक्के मुलांना लागण झाली होती, तर दुसऱ्या गटातील २०.५ टक्के मुलांना. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २४.४ आणि २०.० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे होते.

परंतु ह्या प्रयोगाची एक अट विसरून चालणार नाही. ज्यांच्या घरी नगरपालिकेचे शुद्ध केलेले पाणी येत होते, अशाच स्त्रिया त्यात घेतल्या होत्या. पावडरच्या दुधाचा खरा आधार डबा नसून पाणी आहे. एका मुलाला पहिले सहा महिने केवळ पावडरच्या दुधावर वाढवायचे, तर अर्धा किलोचे सुमारे चाळीस डबे लागतात. दिवसातून सहा ते आठ वेळा, म्हणजे सहा महिन्यांत हजाराहून अधिक वेळा, पाणी उकळावे लागते, वाटी-चमचा उकळत्या पाण्यातून काढावा लागतो आणि पावडर नेमक्या मापाने घालावी लागते. त्यातली रात्रीची एखादी वेळ चुकली, तरी जंतूंना वाट मिळते.

बंगळूर शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून चढावावर आणावे लागते. शहराच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांतील पुष्कळ घरांना आजही विंधनविहिरीवर आणि टँकरवर अवलंबून राहावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे पाण्याची केवढी टंचाई झाली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वस्तीतल्या आईला ‘पाजू नका, वरचे दूध द्या’ एवढेच सांगून भागत नाही. पैसा पुरेना, तेव्हा डबा जास्त दिवस पुरविण्यासाठी पावडर कमी घालणे किंवा गाईम्हशीच्या दुधात पाणी वाढवणे हा उपाय घरोघर चालतो; आणि मूल पोटभर पिऊनही उपाशी राहते.

ह्याचा प्रत्यक्ष पुरावा पुण्यात मिळाला. तेथील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मृदुला फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ बाधित माता व त्यांची मुले ह्यांची पाहणी करून ती २००३ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६२ मुले अंगावर पीत होती आणि ८६ मुले वरच्या दुधावर होती. पहिल्या सहा महिन्यांत २१ मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले, काहींना तर एकाहून अधिक वेळा. ही २१ च्या २१ मुले वरच्या दुधावरची होती. जुलाब-वांत्या, रक्तातील जंतुदोष, न्यूमोनिया आणि कावीळ ही त्यांची मुख्य दुखणी. ह्या पाहणीत गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे नैरोबीच्या प्रयोगाइतकी ती काटेकोर म्हणता येणार नाही. तरीही तिचा इशारा स्पष्ट होता: विषाणूपासून वाचविलेले मूल जुलाबाच्या तावडीत सापडू शकते.

मोजायचे काय?

येथे शास्त्रज्ञांना आपले मापच बदलावे लागले. आरंभी ते फक्त एक गोष्ट मोजत होते: किती मुलांना लागण झाली? आता त्यांनी विचारले: ठराविक वयाला किती मुले जिवंत आहेत आणि शिवाय विषाणूमुक्त आहेत? आईला पाहिजे असते ते हेच, आणि म्हणून हेच माप खरे.

आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात बाराशे मातांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने ह्या मापाचे महत्त्व पटवून दिले. एका गटातील मुले अंगावर पीत होती व त्यांना झिडोव्ह्युडीन हे औषध दिले जात होते; दुसऱ्या गटाला पावडरचे दूध मिळत होते. सात महिन्यांच्या वयाला पहिल्या गटात ९.० टक्के व दुसऱ्यात ५.६ टक्के मुलांना लागण झालेली होती. पावडरचा गट सरस ठरला असे वाटते न वाटते तोच मृत्यूचे आकडे पुढे आले: पहिल्या गटात ४.९ टक्के, तर दुसऱ्यात ९.३ टक्के. दीड वर्षाच्या वयाला दोन्ही गटांतील ‘जिवंत आणि विषाणूमुक्त’ मुलांचे प्रमाण जवळजवळ सारखेच भरले. एका पारड्यात जे कमावले ते दुसऱ्या पारड्यात गेले होते.

थोडे हे, थोडे ते: सर्वांत वाईट मार्ग

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात ॲना कुत्सूदिस, भारतीय वंशाचे बालरोगतज्ज्ञ हूसेन कुवाडिया व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ साली एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. तीन महिन्यांच्या वयाला केवळ आईच्याच दुधावर असलेल्या मुलांत लागणीचे प्रमाण १४.६ टक्के होते. आईच्या दुधाबरोबर पाणी, वरचे दूध किंवा इतर पदार्थ मिळालेल्या मुलांत मात्र ते २४.१ टक्के होते. आईचे दूध कमी पोटात जाऊनही लागण जास्त, हे कोडेच होते.

त्याचा उलगडा असा मानला जातो. तान्ह्या मुलाच्या आतड्याचे अस्तर फार कोवळे असते. आईच्या दुधाने ते हळूहळू घट्ट व अभेद्य होत जाते. परके प्रथिन किंवा अस्वच्छ पाणी पोटात गेले की अस्तराला सूज येते आणि सूक्ष्म फटी पडतात. मग मागाहून येणाऱ्या दुधातील विषाणूला आत शिरणे सोपे जाते. २००७ साली ह्याच संशोधकांनी असेही दाखविले की, अंगावर पिणाऱ्या ज्या मुलांना वेळेआधी घट्ट अन्न भरविले गेले, त्यांना लागणीचा धोका केवळ आईच्या दुधावरील मुलांच्या सुमारे अकरा पट होता.

आपल्या घरांतील रीत डोळ्यांपुढे आणली, म्हणजे ह्या शोधाचे गांभीर्य कळेल. जन्मल्यावर मध चाटविणे, रोज बाळगुटी उगाळून देणे, उन्हाळ्यात घसा सुकेल म्हणून चमचाभर पाणी पाजणे, आई कामावर गेली की वाटीने गाईचे दूध देणे, ही सारी कामे मायेनेच होतात. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील सहा महिन्यांखालील मुलांपैकी ६३.७ टक्केच मुले निव्वळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले. म्हणजे दर तीन मुलांमागे एकाला तरी आणखी काहीतरी मिळतेच.

निवड खरोखर आईची होती काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०००च्या सुमारास असा सल्ला दिला की, वरचे दूध कुटुंबाला स्वीकारार्ह, शक्य, परवडणारे, अखंड मिळणारे आणि निर्धोक असेल तरच बाधित मातेने स्तनपान पूर्णपणे टाळावे. एरवी पहिले काही महिने निव्वळ स्तनपान द्यावे. समुपदेशकाने माहिती द्यावी आणि निवड आईने करावी, अशी ही योजना होती. कागदावर ती निर्दोष होती.

परंतु आपल्याकडे बाळंतीण एकटी नसते. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. पुढे सासू, जाऊ, शेजारीण अशा अनेकींची नजर तिच्यावर असते. दूध येत असताना ती पाजत नाही म्हटल्यावर कारण विचारले जाते. पुष्कळ स्त्रियांना आपली बाधा गर्भारपणातील तपासणीतच प्रथम कळलेली असते, आणि ती नवऱ्याकडून आलेली असली तरी दोष तिच्याच माथी येईल हे भय असते. वरचे दूध देणे म्हणजे गुपित उघड करणे. म्हणून रुग्णालयात एक निर्णय घेऊन निघालेली आई घरी पोहोचल्यावर लोकांदेखत अंगावर पाजी आणि एकांतात वरचे दूध देई. सर्वांत धोक्याचा मिश्र मार्ग तिच्या पदरी येई तो अज्ञानामुळे नव्हे, भीतीमुळे. आज भारतात ह्या बाबतीत कायद्याचे संरक्षण आहे. २०१७ साली संमत होऊन २०१८ च्या सप्टेंबरपासून अंमलात आलेल्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायद्यानुसार कोणाचीही बाधा त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. स्वयंपाकघरातील प्रश्नांना मात्र कायदा उत्तर देऊ शकत नाही.

औषधाने प्रश्नच पालटला

ह्या कोंडीतून वाट निघाली ती वेगळ्याच दिशेने. १९९९ साली युगांडातील प्रयोगाने दाखविले की, नेव्हिरापीन ह्या औषधाची एक मात्रा प्रसूतीच्या वेळी आईला व एक मात्रा जन्मल्यावर मुलाला दिल्यास लागण बरीच कमी होते. भारतातही २००० साली निवडक रुग्णालयांत प्रायोगिक काम झाले आणि पाठोपाठ मातेकडून मुलाला होणारी लागण टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. परंतु एका मात्रेचा प्रभाव ओसरल्यावर दुधाचा धोका उरतच होता. तेव्हा पुणे, इथियोपिया आणि युगांडा येथे मिळून एक प्रयोग झाला. त्यात अंगावर पिणाऱ्या मुलांना हे औषध सहा आठवडे रोज देण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, सहा आठवड्यांच्या वयाला लागणीचे प्रमाण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलेले दिसले. सहा महिन्यांच्या वयापर्यंत मात्र हा फायदा बराचसा विरला. औषध थांबल्यावर संरक्षणही थांबले. म्हणून पाजणे चालू असेपर्यंत औषधही चालू हवे, हा त्यातून निघणारा धडा होता.

मग रोज औषध कोणी घ्यावे, मुलाने की आईने? आईने घेतले तर दुहेरी लाभ होतो. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने तिच्या रक्तातील विषाणू इतके घटतात की नेहमीच्या तपासणीत ते सापडतही नाहीत. तिची प्रकृती सुधारते आणि दुधातला विषाणूही घटतो. भारतात हा उपचार विनामूल्य देण्यास १ एप्रिल २००४ रोजी मोजक्या सरकारी रुग्णालयांत आरंभ झाला. बंगळूरचे बोरिंग रुग्णालय त्यांपैकी एक होते. गर्भवतींना एका मात्रेऐवजी तीन औषधे देण्याची पद्धत २०१२ च्या सप्टेंबरमध्ये कर्नाटकासह दक्षिणेकडील राज्यांत प्रथम आली, आणि २०१४ पासून देशभर प्रत्येक बाधित गर्भवतीस व स्तनदा मातेस आजन्म उपचार देण्याचे धोरण लागू झाले.

ह्या धोरणाचा पाया किती भक्कम आहे, ते २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने दिसून आले. त्यात आफ्रिकेतील सहा देशांबरोबर भारतही सहभागी होता. २,४३१ माता व त्यांच्या मुलांवर स्तनपानाच्या काळात लक्ष ठेवण्यात आले. एका गटात आईला तीन औषधे, दुसऱ्यात मुलाला नेव्हिरापीन दिले गेले. दोन्ही गटांत सहा महिन्यांच्या वयाला लागणीचे प्रमाण सुमारे ०.३ टक्के व एक वर्षाच्या वयाला सुमारे ०.६ टक्के इतके अल्प होते. नैरोबीच्या आकड्यांशी ह्याची तुलना केली, म्हणजे अवघ्या दोन दशकांत केवढा पल्ला गाठला गेला ते उमगते.

आजचा सल्ला

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सल्ल्यानुसार, उपचार नियमित चालू असलेल्या बाधित मातेने पहिले सहा महिने मुलाला केवळ आपलेच दूध द्यावे. गुटी, मध किंवा पाणीसुद्धा देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले औषध अर्थातच त्यात येत नाही. सहा महिन्यांनंतर घरचे मऊ अन्न सुरू करून निदान एक वर्षापर्यंत, आणि हवे तर दोन वर्षे व त्याहूनही पुढे, स्तनपान चालू ठेवावे. दूध तोडायचे ते एकाएकी न तोडता हळूहळू तोडावे. भारतातील मार्गदर्शनही सहा महिन्यांच्या निव्वळ स्तनपानावर भर देते. मुलाला जन्मल्यापासून निदान सहा आठवडे औषधाचे थेंब दिले जातात. धोका अधिक असेल तर ते पुढेही चालू राहतात. सहा आठवड्यांच्या वयाला टाचेतून काढलेले रक्ताचे काही थेंब कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवितात. आईची प्रतिद्रव्ये मुलाच्या रक्तात बरेच महिने टिकत असल्यामुळे अंतिम निर्णय मात्र दीड वर्षाच्या वयाला करावयाच्या चाचणीनेच लागतो.

काही कारणाने आई पाजू शकत नसेल, तर वरच्या दुधाचा मार्ग बंद झालेला नाही. मात्र तो धरल्यास पूर्णपणे धरावा आणि बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमचा वापरावा. अशक्त व अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी दुग्धपेढीचाही आधार मिळतो. मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या प्रयत्नाने आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी उभी राहिली. बंगळूरच्या वाणीविलास ह्या सरकारी रुग्णालयात २०२२ साली अशी पेढी सुरू झाली. तेथे दूध देणाऱ्या मातांची एच.आय.व्ही.साठी तपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअस उष्णतेवर तीस मिनिटे तापविले जाते. त्या उष्णतेत हा विषाणू टिकत नाही.

श्रीमंत देशांची भूमिकाही आता सैल होत आहे. उपचाराने विषाणू दबलेल्या मातेला स्तनपान करावयाचे असल्यास तिला साहाय्य करावे, असे अमेरिकेतील मार्गदर्शनात २०२३ पासून मान्य करण्यात आले. तरीही धोका शून्यावर आलेला नाही. तो एक टक्क्याहून कमी झाला आहे, एवढेच म्हणता येते. आईच्या गोळ्या चुकल्या तर तो पुन्हा वाढतो. जिची तपासणीच झाली नाही, किंवा गर्भारपणी निरोगी ठरून पुढे पाजण्याच्या काळात जिला बाधा झाली, तिच्या मुलाला हे संरक्षण मिळत नाही. म्हणून तपासणी, नियमित औषध आणि घरच्यांचा आधार ह्या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकी पहिल्या दोन सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतात. तिसरी रुग्णालयात मिळत नाही. ती सासू, नवरा आणि शेजारी ह्यांनीच द्यावयाची आहे, आणि ती मिळाली तर आईला दूध व औषध ह्यांपैकी काहीच लपवून द्यावे लागणार नाही.